चुंबकाचें दप्तर

कै. वि. का. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. त्या काळापासून जुन्या घराण्याचें दप्तर म्हणजे काय वस्तु असते याची सुशिक्षित मराठी वाचकांस चांगली ओळख आहे. माळ्यावरची पेटी, तींत रुमालांत बांधलेले कागद, आणि तिच्याभोंवतीं टपून बसलेले वाळवी, उंदीर, पावसाळ्याची ओल हे शत्रु. या सर्वांहून भयंकर शत्रु म्हणजे घरांतला तो उत्साही कर्ता पुरुष, ज्याला दिवाळीच्या आधीं माळा रिकामा करावयाचा असतो. या सर्वांच्या तावडींतून जें निसटलें, तेवढ्यावर आमच्या इतिहासाचा बराच मोठा भाग उभा आहे.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या दप्तरानें आपली जागा बदलली. घरचा पत्रव्यवहार, जमाखर्च, मृत्युपत्राचे खर्डे, लग्नमुंजींचीं छायाचित्रें, मुलीचा अपुरा राहिलेला प्रबंध, आजोबांनीं निवृत्तीनंतर एका बोटानें टंकून काढलेल्या आठवणी, हें सारें बहुतेक घरांतून संगणकाच्या हार्ड डिस्कवर जाऊन बसलें. पोथीहून लहान अशा त्या धातूच्या डबींत वाळवी शिरत नाहीं, हें खरें. तथापि त्या डबीलाही मरण आहे, आणि तें मरण कसें येतें, आल्यावर मागें काय उरतें, उरलेलें कोणीं व कसें परत मिळविलें, याचा एक स्वतंत्र इतिहास आहे. तो वाचीत असतां आम्हांस एक गोष्ट वारंवार दिसून आली. मोडूं लागलेली डिस्क सर्वस्व घेऊन जाते असें क्वचितच घडतें. तिनें मागें ठेवलेलें धन पुढच्या एक-दोन घटकांत घाबरलेला मालकच आपल्या हातानें नाहींसें करतो. हें म्हणणें वाचकांस पटावयाचें तर तबकडीच्या जन्मापासून आरंभ केला पाहिजे.

हा जन्म अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत, सॅन होजे या गांवीं झाला, आणि सुईणीचें काम केलें तें एका माजी शाळामास्तरानें. रेनॉल्ड जॉन्सन हे मिशिगनमध्यें शाळेंत शिकवीत असत. मुलांच्या उत्तरपत्रिकांवरील पेन्सिलीच्या खुणा विजेनें ओळखून गुण मोजणारें एक यंत्र त्यांनीं तयार केलें होतें. आयबीएम कंपनीनें तें यंत्र घेतलें आणि मास्तरांनाही घेतलें. (पेपर तपासण्याच्या कंटाळ्यांतून जगाचें एवढें कल्याण दुसऱ्या कोणा शिक्षकानें केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.) त्यांच्या हाताखालच्या मंडळींनीं जें यंत्र रचलें, तें सप्टेंबर १९५६ मध्यें जगापुढें आलें. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एका उभ्या दांड्यावर ओवलेल्या, मिनिटाला १,२०० फेरे घेणाऱ्या. सर्व मिळून वजन एक टनाच्या वर, आणि त्यांवर मावणारीं अक्षरें अवघीं पन्नास लाख! आज एखाद्या विवाहसमारंभाचें एकच छायाचित्र तेवढी जागा सहज अडवितें.

या यंत्राची खरी नवलाई त्याच्या आकारांत नसून दुसरीकडे होती. त्यापूर्वीं माहिती सांठविली जाई ती छिद्रें पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यांत किंवा चुंबकीय फितीवर. फीत म्हणजे जन्मपत्रिकेची लांब गुंडाळी. शेवटचा मजकूर पाहण्यास आरंभापासून उलगडीत जावें लागे. तबकडी म्हणजे सुटीं पानें असलेली पोथी, हवें तें पान एकदम काढावें. ही सोय साधण्यासाठीं वाचणारें व लिहिणारें टोक, ज्याला हेड म्हणतात, तें फिरत्या तबकडीच्या अगदीं जवळ पण तिला न शिवतां धरणें भाग होतें. १९५६ च्या यंत्रांत दाबाच्या हवेचा झोत सोडून हें अंतर सुमारें वीस मायक्रॉन राखलें होतें, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा एक अंश.

पुढील सारा इतिहास हें अंतर कमी करण्याचा आहे. चुंबकाची खूण जितकी बारीक, तितकें वाचणारें टोक जवळ न्यावें लागतें, हा निसर्गाचा नियम. त्याला कोणत्याही कंपनीचा इलाज नाहीं. १९६१ सालीं दाबाच्या हवेची नळी गेली आणि तबकडीच्या वेगानें उठणाऱ्या वाऱ्यावरच हेड तरंगूं लागलें. १९७३ सालीं 'विंचेस्टर' या टोपणनांवानें प्रसिद्ध झालेली डिस्क आली. तींत तबकड्या व हेड एकाच बंद डबींत राहिलीं, आणि यंत्र थांबलें कीं हेड तेल लावलेल्या तबकडीवरच अलगद उतरूं लागलें. अंतर अर्ध्या मायक्रॉनच्याही आंत आलें. १९८० मध्यें सीगेट कंपनीनें सव्वापांच इंची तबकड्यांची डिस्क काढली, ती मेजावरच्या लहान संगणकाच्या पोटांत बसूं लागली. तिची क्षमता पांच मेगाबाइट, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीं एक टनाच्या यंत्रांत जेवढें मावे साधारण तेवढीच. पुढें अतिसूक्ष्म चुंबकीय थरांच्या एका विलक्षण गुणाचा शोध १९८८ सालीं फर्ट व ग्रुनबर्ग या दोन पदार्थविज्ञान्यांनीं वेगवेगळा लावला, आणि अत्यंत क्षीण खुणाही वाचतां येऊं लागल्या. त्यांस २००७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आज हेड व तबकडी यांमधील अंतर थोड्याशा नॅनोमीटरांचें असतें; नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग. या फटींत धुराचा कणही शिरूं शकत नाहीं, तो मध्यें आला तर डोंगरासारखा आडवा येतो.

डिस्कच्या मरणाचें बीज या जवळिकींत आहे. चालू यंत्राला धक्का बसला, किंवा कांहीं कारणानें हेडचा तोल गेला, कीं तें तबकडीला घासतें. वरचा चुंबकीय लेप खरवडला जातो, त्याची धूळ आंतल्या आंत उडते, आणि ती धूळ पुढच्या घासण्याचें कारण होते. ज्या खुणा खरवडल्या त्या गेल्याच. त्या परत आणणारी विद्या अद्यापि कोणाजवळ नाहीं. परंतु पहिला ओरखडा सबंध तबकडीचा एक लहानसा पट्टा असतो. मालक मात्र काय करतो? डबीतून टक् टक् असा आवाज येऊं लागतो, संगणक अडखळतो. मग तो यंत्र बंद करून पुन्हां चालू करतो, पुन्हां बंद, पुन्हां चालू, असें दहा-वीस वेळां. प्रत्येक खेपेस तें जखमी टोक तबकडीवरून नवा फेरा घेतें. लहान पट्ट्यावरचें नुकसान साऱ्या पृष्ठभागावर पसरविण्याचा याहून खात्रीचा उपाय शोधूनही सांपडणार नाहीं.

घरगुती औषधें तर विचारूंच नका. १९८० नंतरच्या दशकांतील कांहीं डिस्कमध्यें हेड तबकडीला चिकटून बसण्याचा दोष होता. त्या काळीं डबी हलकेंच ठोकली किंवा एकदम गर्रकन् फिरविली तर ती सुटे. त्या काळचें तें औषध आजच्या डिस्कलाही देणारे महाभाग आहेत. डिस्क पिशवींत घालून शीतपेटींत ठेवण्याचा तोडगा असाच कानोकानीं पसरला. क्वचित् कोणाला गुण आलाही असेल. पण बाहेर काढल्यावर थंड तबकडीवर जें दंव धरतें, तें नॅनोमीटरांच्या फटींत काय अनर्थ करील हें सांगावयास नको.

आतां दुसरा प्रकार. पुष्कळ वेळां यंत्र धडधाकट असतें आणि गेलेली असते ती केवळ यादी. डिस्कवर मजकूर एका जागीं असतो आणि कोणता मजकूर कोठें आहे याची सूची निराळ्या जागीं. डॉस या जुन्या कार्यप्रणालींत एखादी फाईल 'पुसली' म्हणजे सूचींतल्या तिच्या नांवाचें पहिलें अक्षर काढून तेथें २२९ या अंकाची खूण होई, आणि तिची जागा मोकळी झाली अशी नोंद होई, बस्स. मजकूर जेथल्या तेथें स्वस्थ पडलेला असे, दुसरें कांहीं त्याच्यावर लिहिलें जाईपर्यंत. पीटर नॉर्टन नांवाच्या अमेरिकन गृहस्थाची एक फाईल चुकून अशीच पुसली गेली. १९८२ सालीं त्यानें तें पहिलें अक्षर पुन्हां बसवून फाईल उठविणारी एक प्रणाली लिहिली, आणि तिच्यावर त्याचा मोठा धंदा उभा राहिला. खतावणींतील एका नांवाचें आद्याक्षर खोडलें म्हणजे माणूस मेला असें समजणाऱ्या कारकुनाच्या जगांत, जाऊन प्रत्यक्ष घर पाहून येणारा हा पहिला मनुष्य! पण जागा मोकळी समजून संगणकानें तेथें नवा मजकूर लिहिला, तर मात्र नॉर्टनचाही इलाज चालत नसे. म्हणून पुसलेलें परत हवें असेल त्यानें त्या डिस्कवर एक अक्षरही नवें लिहूं नये; ती परत मिळवून देणारी प्रणालीसुद्धां त्याच डिस्कवर उतरवून घेऊं नये. ही एवढी साधी गोष्ट, पण ती न कळल्यामुळें किती घरांतील कागद गेले असतील!

सूचीच जेव्हां समूळ नष्ट होते, तेव्हां जी रीत योजतात ती आम्हां इतिहासाच्या लोकांस फार ओळखीची वाटते. सुट्या झालेल्या मोडी कागदांचा ढीग पुढें आला म्हणजे अभ्यासक काय करतो? डोक्यावर 'श्री' आणि त्याखालीं मायना दिसला कीं येथें पत्र सुरू झालें असें धरतो. शेवटीं मोर्तब दिसलें कीं येथें तें संपलें. मधला मजकूर त्या पत्राचा. संगणकाच्या फाईलींचेंही असेंच आहे. जेपेग प्रकारचें प्रत्येक छायाचित्र २५५ व २१६ या दोन अंकांनीं सुरू होतें आणि २५५ व २१७ या अंकांनीं संपतें. पीडीएफ दस्तऐवजाच्या कपाळावर त्याचें नांवच कोरलेलें असतें. सूचीकडे न पाहतां सबंध तबकडी आरंभापासून शेवटपर्यंत वाचीत जावें, मायना दिसेल तेथें पान उघडावें, मोर्तब दिसेल तेथें मिटावें. या रीतीनें छायाचित्रें परत येतात, पण त्यांचीं नांवें येत नाहींत. कोणती कोणत्या लग्नाची हें घरच्यांनीं चेहरे पाहून लावावें. आणि एकाच फाईलीचे तुकडे तबकडीवर दूर दूर विखुरले असतील तर या रीतीचें कांहीं चालत नाहीं, कारण अर्धें पत्र एका रुमालांत आणि अर्धें दुसऱ्यांत अशी स्थिति होते.

यंत्रच थकलेलें असेल तेव्हां नियम असा कीं, मूळ प्रत वाचीत बसूं नये. आधीं नक्कल करावी आणि पुढचें सारें संशोधन नकलेवर करावें. अँटोनिओ डियाझ डियाझ यांनीं २००४ सालीं 'डीडीरेस्क्यू' नांवाची प्रणाली सर्वांस मोफत वापरण्यास दिली. ती नक्कल कशी करते तें पाहण्यासारखें आहे. साधी नक्कल करणारी प्रणाली खराब जागा आली कीं तेथेंच हट्टानें डोकें आपटीत बसते, आणि तेवढ्यांत डिस्क प्राण सोडते. ही प्रणाली तसें करीत नाहीं. अडलें कीं ती जागा टिपून ठेवून पुढें जाते, सुखानें वाचतां येणारा सर्व भाग प्रथम उतरवून घेते, आणि मग राहिलेल्या जागांकडे पुन्हां पुन्हां, दर खेपेस लहान लहान घास घेत वळते. चांगला नक्कलनवीस जीर्ण बखर अशीच उतरवितो. न लागलेल्या अक्षरांसाठीं जागा सोडून तो शेवटपर्यंत जातो आणि मग भिंग घेऊन मागें येतो.

या विद्येची सर्वांत कठीण परीक्षा एका शोकप्रसंगांतून झाली. १ फेब्रुवारी २००३ रोजीं 'कोलंबिया' हें अमेरिकन अंतराळयान पृथ्वीवर परत येत असतां टेक्ससच्या आकाशांत फुटलें. सातही जण गेले. त्यांत कर्नालच्या कल्पना चावला होत्या, त्यामुळें त्या दिवशींचें दुःख आपल्याकडेही घराघरांत झालें. यानावर झेनॉन वायूच्या प्रवाहीपणाचा एक प्रयोग चालला होता. त्याची कांहीं माहिती उड्डाणाच्या काळांत रेडिओनें खालीं आली होती. बाकीची यानांतील एका हार्ड डिस्कवर होती. सुमारें सहा महिन्यांनीं एका कोरड्या तळ्याच्या तळाशीं ती डिस्क सांपडली. बाहेरचे विजेचे भाग जळून गेले होते, डबीच्या एका बाजूची रबरी कड वितळून आंत माती शिरली होती. मिनेसोटा राज्यांतील ऑनट्रॅक या संस्थेकडे ती गेली. तेथील तज्ज्ञांनीं तबकड्या काढून रसायनानें धुतल्या, नव्या डबींत बसविल्या, आणि दोन दिवसांच्या कामांत तिच्यावरचा सुमारें ९९ टक्के मजकूर वाचून काढला. त्यावरून लिहिलेला निबंध २००८ सालीं 'फिजिकल रिव्ह्यू ई' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. घुसळलेल्या सायीप्रमाणें झेनॉनही विशिष्ट अवस्थेंत ढवळल्यानें पातळ होतो, हें त्यानें दाखविलें.

हें ऐकून चमत्कार म्हणून टाळ्या पिटणें सोपें आहे. आम्हांस मात्र त्यांतील कारणें अधिक मोलाचीं वाटतात. तबकड्या वाकल्या नव्हत्या. डिस्क निम्मीच भरलेली होती आणि खरवडलेला भाग नेमका रिकाम्या जागेवर पडला. तिच्यावर तीच जुनी डॉस प्रणाली होती, जी मजकूर फारसा न विखुरतां सलग लिहिते. त्याच यानांतील आणखी दोन डिस्क त्या संस्थेकडे आल्या होत्या. त्यांतून कांहींच निघालें नाहीं. म्हणजे विद्या तीच, हात तेच, भाग्य निराळें. पण त्या भाग्याच्या यादींत आणखी एक गोष्ट आम्ही घालूं, जी कोणी फारशी बोलून दाखवीत नाहीं. आकाशांतून पडल्यापासून तज्ज्ञाच्या हातीं जाईपर्यंत त्या डिस्कला 'चालू करून तर पाहूं' म्हणून कोणीही वीज जोडली नाहीं. जोडणें शक्यच नव्हतें. ज्या डिस्क मेजावरून घसरून जमिनीवर पडतात, त्यांच्या वाट्याला हें सुख येत नाहीं.

मरणाची पूर्वसूचना मिळते काय, असा प्रश्न साहजिकच येतो. डिस्क स्वतःची नाडी स्वतः पाहून टिपून ठेवते अशी योजना १९९० नंतरच्या दशकांत रूढ झाली. २००७ सालीं गूगलच्या तीन संशोधकांनीं आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अनुभव प्रसिद्ध केला, तो डोळे उघडणारा आहे. पृष्ठभागाच्या तपासणींत पहिली चूक आढळलेल्या डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट आढळला. तेव्हां पहिली खूण दिसतांच नक्कल करून घ्यावी, यांत वाद नाहीं. परंतु त्याच निबंधांत हेंही आहे कीं, निकामी झालेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक डिस्कनीं महत्त्वाच्या चार खुणांपैकीं एकही दाखविली नव्हती. नाडी ठीक चालत असतां अर्ध्याहून अधिक रोगी गेले! दुसरी प्रत दुसऱ्या घरीं असणें, एवढेंच काय तें यावर औषध.

अलीकडच्या संगणकांतून फिरती तबकडीच गेली आहे, आणि तिच्या जागीं हालचाल नसलेली सॉलिड स्टेट जातीची डिस्क आली आहे. तिला धक्क्याचें भय कमी. पण २००९ च्या सुमारास रूढ झालेल्या ट्रिम नांवाच्या एका आज्ञेमुळें पुसलेली जागा ती मागाहून खरोखरच रिकामी करून ठेवते. नॉर्टनच्या युक्तीला तेथें वाव उरला नाहीं.

मराठी घरांपुरती एक अडचण शेवटीं सांगावयाची राहिली. समजा, १९९५ च्या सुमारची डिस्क आहे, तज्ज्ञानें तिच्यावरून आजोबांच्या आठवणींची फाईल अक्षर न् अक्षर परत आणली, आणि ती उघडतांच पडद्यावर रोमन अक्षरें, टिंबें, कंस आणि उद्गारचिन्हें यांचा खच दिसला. फाईल बिघडलेली नाहीं. त्या काळीं देवनागरीसाठीं १९९१ चें भारतीय प्रमाण होतें, युनिकोडही त्याच वर्षीं जन्मलें होतें. पण घरोघरीं जे फाँट चालत त्यांनीं रोमन अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचे तुकडे बसविले होते, आणि प्रत्येक विक्रेत्याची बैठक निराळी होती. तो फाँट संगणकावर असेपर्यंत मराठी दिसे. तो गेला कीं मागें केवळ संकेत उरतो. पणजोबांचे मोडी कागद हातांत येऊनही नातवास वाचतां येत नाहींत, तसाच हा प्रकार, फक्त शंभर वर्षांऐवजीं पंचवीस वर्षांत घडलेला. फाँटचें नांव कळलें तर युनिकोडांत पालटून देणाऱ्या प्रणाली मिळतात. तें न कळल्यास घरच्या कोणा चिकाटीच्या माणसानें कागद-पेन्सिल घेऊन बसावें लागतें. आजोबांच्या मजकुराच्या डोक्यावर 'श्री' असणार हें त्याला ठाऊक असतें. त्या पहिल्या ओळींतील दोन-तीन निरर्थक चिन्हें म्हणजे 'श्री' असें धरून तो पुढें गांवाचें नांव शोधतो, मग आजीचें, मग वडिलांचें, आणि एकेक अक्षर लावीत जातो.